आठ तासांची खाट

आमचे अण्णा गेल्यानंतर महिनाभराने आम्ही दोघा भावांनी त्यांचे कपाट उघडले. पोस्टातली नोकरी, त्यामुळे प्रत्येक कागद जागच्या जागी. विजेची बिले, घरपट्टीच्या पावत्या, आमच्या शाळेची प्रगतिपुस्तके. सर्वात खाली एक तपकिरी फाईल होती आणि तिच्यात सोनेरी नक्षीच्या चौकटीतले एक प्रमाणपत्र. दक्षिणेतल्या एका थंड हवेच्या ठिकाणच्या हॉटेलात वर्षातला एक आठवडा आमच्या कुटुंबाच्या मालकीचा असल्याचे त्यात लिहिले होते. मुदत अशी, की माझी मुलगी आजी होईपर्यंत ती संपायची नाही.

ते प्रमाणपत्र घरी आले तो दिवस मला लख्ख आठवतो. साल १९९५. निवृत्तीचे पैसे हातात आलेले. एका रविवारी शहरातल्या मोठ्या हॉटेलात सहकुटुंब चहापानाचे आमंत्रण आले. टाय लावलेल्या एका तरुणाने दोन तास अण्णांना हिशेब समजावून दिला. हॉटेलचे भाडे दरवर्षी वाढणार, तुमचा आठवडा मात्र आजच्या भावात कायमचा तुमचा! येताना आईच्या हातात भेट म्हणून सहा कपबश्या होत्या आणि अण्णांच्या हातात पावती. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत आम्ही तिथे चार वेळा गेलो. बाकीच्या वेळी मे महिना मागितला की जागा नसायची आणि जुलैच्या धो धो पावसात मात्र हवी तितकी असायची. देखभालीचे वार्षिक बिल मात्र न चुकता आले आणि दरवर्षी थोडे थोडे फुगत गेले.

आता प्रश्न असा, की हा आठवडा ठेवायचा की परत करायचा? धाकट्या भावाचे म्हणणे, सोडून द्यावा. मला ते पटत होते. पण अण्णांची सही बघितली की हात थांबायचा. त्या दिवसांत मी या धंद्याविषयी मिळेल ते वाचू लागलो. खोली विकतात हे ठाऊक होते, पण खोलीतला काळ विकावा हे कोणाला सुचले? वाचता वाचता एका माणसापाशी येऊन थांबलो. त्याचे नाव कॉनरॅड हिल्टन.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. टाइमशेअर ही कल्पना हिल्टनची नव्हे. तिचा उगम १९६०च्या दशकातल्या युरोपातला. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली हापिमाग नावाची संस्था निघाली आणि सुट्टीतल्या घरांवर अनेकांचा सामाईक हक्क ही कल्पना तिने रुजवली. फ्रान्समध्ये आल्प्स पर्वतातल्या एका बर्फाळ पर्यटनस्थळी तेच दुसऱ्या रूपात घडले. अमेरिकेत हा धंदा १९७०च्या दशकात फोफावला, तेव्हा हिल्टन ऐंशी ओलांडलेला म्हातारा होता. पण हॉटेलची खोली म्हणजे चार भिंती नव्हेत, ती मोजून विकता येणारी जागा आणि मोजून विकता येणारे तास आहेत, हे या माणसाइतके लख्ख फार थोड्यांना कळले असेल. म्हणून त्याची गोष्ट सांगण्याजोगी आहे.

कॉनरॅडचा जन्म १८८७ सालच्या नाताळच्या दिवशी झाला. गाव सॅन अँटोनिओ. टेक्सासमधले प्रसिद्ध शहर नव्हे, तर न्यू मेक्सिकोतले त्याच नावाचे धुळीने माखलेले खेडे. न्यू मेक्सिको तेव्हा अमेरिकेचे राज्यसुद्धा झालेले नव्हते. वडील गस हे नॉर्वेहून आलेले, धडपडे आणि मोठ्या आवाजाचे. गावात त्यांचे किराणा-भुसार, कापडचोपड असे सगळे मिळणारे दुकान होते. आई मेरी जर्मन वंशाची, कट्टर कॅथलिक. आठ भावंडांचा संसार. वडिलांनी कष्ट शिकवले, आईने प्रार्थना शिकवली, असे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

१९०७ साली अमेरिकेत आर्थिक घबराट उडाली. दुकानात माल भरपूर, गिऱ्हाईक नाही. तेव्हा घरच्यांनी एक युक्ती केली. गावात रेल्वे स्टेशन होते, घर मोठे होते आणि आईच्या हाताला चव होती. घरातल्या काही खोल्या उतारूंना भाड्याने द्यायच्या ठरल्या. विशीतला कॉनरॅड रात्री-अपरात्री गाडीच्या वेळेला स्टेशनावर जाऊन उभा राही आणि फिरत्या विक्रेत्यांचे सामान उचलून त्यांना घरी आणी. कोकणात किंवा पंढरपुरात ज्यांनी घरगुती खाणावळी आणि उतरायच्या खोल्या पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. आलेल्या माणसाला पोटभर जेवण आणि स्वच्छ अंथरूण मिळाले की तो पुढच्या खेपेला स्वतःहून येतो, हा पहिला धडा त्याला आईच्या स्वयंपाकघरात मिळाला.

तरी त्याला व्हायचे होते बँकवाला. १९१२ साली न्यू मेक्सिको राज्य झाले आणि तिथल्या पहिल्या विधिमंडळात तो निवडून गेला. गावात छोटी बँकही काढली. मग पहिले महायुद्ध आले. तो सैन्यातून फ्रान्सला गेला आणि तिकडे असतानाच वडील मोटार अपघातात गेल्याची बातमी आली. परत आला तेव्हा गाव तेच होते, पण त्याला ते लहान वाटू लागले होते.

१९१९ साली खिशात पाच हजार डॉलर घेऊन तो टेक्सासला निघाला. तिथे तेल सापडले होते आणि पैसा वाहत होता. सिस्को नावाच्या गावात एक बँक विकाऊ होती, किंमत ७५ हजार डॉलर. कॉनरॅडने होकार कळवला, तर मालकाची उलट तार आली, की आता भाव ८० हजार. हा संतापला. बँकेचा नाद सोडला आणि रात्र काढण्यासाठी समोरच्या मोबली हॉटेलात शिरला.

तिथे त्याने जे पाहिले, त्यावरच त्याचे पुढचे सारे आयुष्य उभे राहिले. हॉटेलच्या दिवाणखान्यात माणसांची झुंबड. चाळीस खोल्या आणि झोपायला जागा मागणारे त्याच्या कितीतरी पट. तेलविहिरींवर पाळीत काम करणाऱ्यांना मालक खोल्याही पाळीनेच देत होता. आठ तास एकाने झोपायचे, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. खाट निवायची सवडच मिळत नव्हती. दिवसाचे तीन भाग आणि प्रत्येकाचे वेगळे भाडे! गिरणगावातल्या चाळीत एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे आपले गिरणी कामगार आठवा, म्हणजे कल्पना येईल.

मौज अशी, की मालकाला हे सोन्याचे अंडे नकोसे झाले होते. इतरांसारखे तेलात पैसे घालायची त्याची घाई. कॉनरॅडने रातोरात वह्या तपासल्या, चार ठिकाणांहून पैसे जमवले आणि ४० हजार डॉलरला हॉटेल घेतले. मग तो खुर्ची टाकून नुसता बघत बसला. जेवणघरात फायदा नाही, पण जागा किती अडली आहे! ते मोडून झोपायच्या खोल्या केल्या. लांबलचक काउंटर निम्म्यावर आणून उरलेल्या जागेत वर्तमानपत्रे आणि तंबाखूचा स्टॉल लावला. कोपऱ्यात शोभेचे झाड होते, तिथेही विक्रीची मांडणी आली. न कमावणारी एक चौरस फूट जागाही त्याला बोचायची. खाणीत सोने शोधावे तशी तो हॉटेलात जागा शोधायचा.

१९२५ साली डॅलसला त्याने स्वतःच्या नावाचे पहिले हॉटेल बांधले. खर्च दहा लाख डॉलरहून जास्त. टेक्सासचे पश्चिमेचे ऊन भाजून काढणारे आणि खोल्या थंड करायची सोय नाही. त्याने पश्चिमेला एकही खोली ठेवली नाही. लिफ्ट, कपड्यांच्या घसरणी, असल्या सगळ्या गोष्टी त्या बाजूला टाकल्या. उन्हाचा मारा भिंतीने खायचा, पाहुण्याने नाही. त्याच वर्षी मेरी बॅरनशी त्याचे लग्न झाले. पुढे तीन मुलगे झाले.

आणि मग १९२९ची मंदी आली. माणसे प्रवास करीनात. त्याने मजलेच्या मजले बंद केले, दिवे मालवले. एकामागून एक हॉटेले हातची गेली. जीवनविम्यावर कर्ज काढले, तेही संपले. गॅल्व्हस्टनच्या मूडी कुटुंबाकडून तीन लाख डॉलर उचलले आणि ते फेडता न आल्याने स्वतःच्याच हॉटेलांवर पगारी व्यवस्थापक म्हणून राहायची पाळी आली. या काळातला एक प्रसंग त्याने स्वतः लिहून ठेवला आहे. डॅलसच्या हॉटेलात सामान उचलणाऱ्या एका पोऱ्याने आपली आयुष्यभराची शिल्लक, तीनशे डॉलर, मालकाच्या हातात ठेवली, जेवणाखाण्यापुरती असू देत म्हणून. मालकाने ती घेतली. मला त्या तीनशे डॉलरमध्ये अण्णांची फाईल दिसते. मोठ्या माणसाच्या स्वप्नात लहान माणसाची शिल्लक नेहमीच मिसळलेली असते. फरक एवढाच, की या पोऱ्याला मालक रोज समोर दिसत होता.

मंदीच्या ऐन भरात त्याने वर्तमानपत्रातले एक चित्र कापून जवळ ठेवले होते. न्यूयॉर्कला नव्याने उभ्या राहिलेल्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलचे. कर्जाने गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाने जगातल्या सर्वात मोठ्या थाटाच्या हॉटेलचे चित्र टेबलाच्या काचेखाली जपावे, हे वेडेपण खरे. पण ते चित्र त्याने अठरा वर्षे हलवले नाही.

मूडींशी भांडण कोर्टात गेले, मिटले आणि काही हॉटेले परत मिळाली. मग मात्र घोडदौड सुरू झाली. १९३८ साली सॅन फ्रान्सिस्कोचे सर फ्रान्सिस ड्रेक, १९४३ साली न्यूयॉर्कचे प्लाझा, १९४५ साली शिकागोतले तीन हजार खोल्यांचे स्टीव्हन्स आणि पाठोपाठ पामर हाउस. प्लाझात तळमजल्यावर शेअर दलालांची कचेरी किरकोळ भाड्याने होती. ती हलवून तिथे त्याने बार काढला आणि तो ओक बार पुढे न्यूयॉर्कची खूण झाला. १९४९च्या ऑक्टोबरात काचेखालचे चित्र खरे झाले आणि वॉल्डॉर्फ त्याच्या ताब्यात आले. तिथल्या दिवाणखान्यातले मोठाले खांब पोकळ आहेत हे कळताच त्यांची त्याने काचेची कपाटे केली आणि जडजवाहीर, अत्तरे मांडणाऱ्यांना भाड्याने दिली. सिस्कोतले शोभेचे झाड आणि वॉल्डॉर्फचा खांब, नजर एकच!

त्याच वर्षी पोर्तो रिकोत कॅरिब हिल्टन सुरू झाले. तिथल्या सरकारी महामंडळाने अनेक अमेरिकी हॉटेलवाल्यांना पत्रे पाठवली होती. हिल्टनने उत्तर स्पॅनिशमध्ये लिहिले. न्यू मेक्सिकोतल्या बालपणाची ती कमाई. पण खरा डाव करारात होता. इमारत सरकारने बांधायची, हिल्टनने ती चालवायची आणि नफा वाटून घ्यायचा. म्हणजे जमीन-इमारतीचा बोजा दुसऱ्याचा आणि नाव व कौशल्य याचे. १९५५ सालचे इस्तंबूलचे हॉटेल याच वाटेने उभे राहिले. १९५४ साली तर त्याने स्टॅटलर ही सबंध हॉटेलसाखळीच ११ कोटी १० लाख डॉलरला विकत घेतली. मुंबईत नरिमन पॉइंटच्या समुद्राकडे तोंड केलेल्या एका हॉटेलावरही या शतकाच्या सुरुवातीला काही वर्षे हिल्टनचे नाव झळकत होते, ते अनेकांना आठवत असेल.

जगभर लोकांच्या निवाऱ्याची सोय करणाऱ्या या माणसाला स्वतःचे घर मात्र नीट लाभले नाही. मंदीच्या ताणात पहिला संसार मोडला. १९४२ साली हंगेरीची सुंदर नटी झाझा गॅबोर हिच्याशी लग्न केले, तेही चार-पाच वर्षांत संपले. पहिली पत्नी हयात असताना केलेले हे लग्न चर्चला मान्य नव्हते, त्यामुळे रोज प्रार्थनेला जाणाऱ्या या भाविकाला प्रसाद घेता येत नव्हता. ही खंत त्याने लपवली नाही. थोरला मुलगा निकी एलिझाबेथ टेलरचा पहिला नवरा. ते लग्न वर्षभरही टिकले नाही आणि निकी १९६९ साली बेचाळिसाव्या वर्षी वारला. मधला बॅरन धंद्यात उतरला. कॉनरॅडने १९५७ साली आत्मचरित्र लिहिले आणि ते आपल्या हॉटेलांच्या खोल्याखोल्यांतून ठेवले. ३ जानेवारी १९७९ रोजी, एक्क्याण्णवाव्या वर्षी, कॅलिफोर्नियात त्याचे निधन झाले.

मृत्युपत्र उघडल्यावर घरच्यांना धक्का बसला. बहुतेक सारी संपत्ती त्याने आपल्या धर्मादाय प्रतिष्ठानाला दिली होती आणि गोरगरिबांत काम करणाऱ्या कॅथलिक भगिनींची विशेष आठवण ठेवा असे बजावले होते. बॅरन कोर्टात गेला. दहा वर्षांच्या वादानंतर १९८८ साली तडजोड झाली. त्याच प्रतिष्ठानाचा मानवसेवेचा पुरस्कार २०१० साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाला मिळाला. सिस्कोतल्या आठ तासांच्या खाटेचे पुण्य तमिळनाडूतल्या मोतीबिंदूच्या रुग्णांपर्यंत असे पोचले.

आता आमच्या फाईलकडे वळतो. कॉनरॅडच्या पश्चात १९९२ साली हिल्टनच्या नावाने टाइमशेअरची स्वतंत्र शाखा निघाली. त्याच्या हयातीत, १९६३ साली उघडलेल्या न्यूयॉर्क हिल्टनचे वरचे काही मजले पुढे हॉटेलातून काढून टाइमशेअरचे झाले. होनोलुलूच्या हवाईयन व्हिलेजमधला मूळचा अपार्टमेंटचा लगून टॉवरही त्याच वाटेने गेला. हे रूपांतर नेमके कसे करतात? भिंतीत दार पाडून दोन खोल्या जोडायच्या, एका कोपऱ्यात ओटा, शेगडी आणि फ्रिज बसवायचा, सोफ्याचा पलंग होईल अशी सोय करायची. इतके झाले की खोलीचे युनिट होते. मग वर्षाचे बावन्न आठवडे. एखादा डागडुजीला ठेवून उरलेले एक्कावन्न, एक्कावन्न कुटुंबांना विकायचे. सुट्टीचे आठवडे महाग, पावसाळ्याचे स्वस्त. कोणाला दुसऱ्या गावी जायचे असेल तर आठवड्यांची अदलाबदल करणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांतली आरसीआय १९७४ सालची. अलीकडे आठवड्यांऐवजी गुण विकतात, पण मुळातला व्यवहार तोच.

पोस्टातल्या हिशेबनिसाच्या मुलाने म्हणून मी हा जमाखर्च मांडून पाहिला. हॉटेलवाल्याची सर्वात मोठी चिंता कोणती? रिकामी खोली. आजची रात्र आज विकली नाही तर ती उद्या विकता येत नाही. सिस्कोत ही चिंता मालकाची होती. तेल आटले असते तर रिकाम्या खाटा कॉनरॅडच्या गळ्यात पडल्या असत्या. मंदीत तशा त्या पडल्याच. झोपायला आलेला मजूर आठ तासांचे पैसे देऊन मोकळा होई. टाइमशेअरमध्ये मात्र पुढच्या अनेक वर्षांच्या रात्री आजच विकल्या जातात, रोख पैसा आज मिळतो आणि रिकाम्या खोलीची चिंता एक्कावन्न घरांत वाटली जाते. आम्ही गेलो नाही तरी छताची गळती, लिफ्टची दुरुस्ती, माळ्याचा पगार यात आमचा वाटा ठरलेला. थोडक्यात, आठवडा अण्णांनी घेतला आणि त्याच्याबरोबर हॉटेलवाल्याची काळजीही घेतली. दरवर्षी न चुकता त्याच ठिकाणी जाणाऱ्या, आठ-दहा महिने आधी बेत ठरवणाऱ्या कुटुंबाला हा सौदा परवडतोही. आमच्यासारख्या रजा, परीक्षा आणि आजारपणे सांभाळून निघणाऱ्यांना तो परवडत नाही.

रूपांतराचा हा खेळ आता हिल्टनच्या लाडक्या वास्तूंपर्यंत पोचला आहे. प्लाझा २००५ साली बंद होऊन २००८ साली उघडले, तेव्हा त्याचा मोठा भाग मालकीच्या फ्लॅटांचा झाला होता. काही खोल्या तर अशा विकल्या गेल्या, की मालकाने वर्षातले ठराविक दिवसच राहायचे आणि बाकीचे दिवस खोली हॉटेलची. २०१२ साली त्या हॉटेलाचा मोठा हिस्सा आपल्याकडच्या सहारा समूहाने घेतला होता, २०१८ साली तो कतारकडे गेला. काचेखालचे वॉल्डॉर्फ २०१४ साली १९५ कोटी डॉलरला एका चिनी कंपनीने घ्यायचे ठरवले, २०१७ साली ते बंद झाले आणि २०२५ साली पुन्हा उघडले. चौदाशेच्या आसपास खोल्यांच्या जागी आता पावणेचारशे खोल्यांचे हॉटेल आणि जवळपास तितकेच फ्लॅट आहेत. न कमावणारी जागा सहन न होणाऱ्या त्या म्हाताऱ्याला याचे वाईट वाटले असते की कौतुक, हे मला सांगता येणार नाही.

हे सगळे मी आईला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. त्या चार सहलींत आपण काय केले, ते तिला माझ्यापेक्षा जास्त आठवत होते. युनिटमध्ये शेगडी असल्यामुळे सुट्टीतही सकाळचे पोहे आणि रात्रीची खिचडी तिच्याच वाट्याला यायची. पण संध्याकाळी अण्णा तिच्याबरोबर तळ्याकाठी फिरायला यायचे आणि नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांना तेवढी फुरसत कधी मिळाली नव्हती, हेही तिनेच सांगितले. कागदावर अण्णांनी आठवडा घेतला होता. मनातून त्यांनी, आपण नसलो तरी पोरे वर्षातून एकदा एका छपराखाली येतील, याची तजवीज केली होती. ती तजवीज कोणतेही हॉटेल विकू शकत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

निर्णय आईनेच दिला. यंदाचे बिल भरायचे, मिळेल तो आठवडा घ्यायचा, सगळ्यांनी एकदा जाऊन यायचे आणि आल्यावर कागद परत करायचे. आम्हाला ऑगस्टचा दुसरा आठवडा मिळाला आहे. पाऊस असेल. भावाने रजा टाकली आहे, माझी मुलगीही येते म्हणाली. आईने एकच अट घातली आहे, त्या आठवड्यात ओट्यापाशी ती उभी राहणार नाही. पोहे आम्ही दोघा भावांनी करायचे.